दाजींनी बसवलेली विजार

आमच्या कारखान्यात दाजी एकच, आणि ते सगळ्यांचे दाजी. साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात. अख्ख्या कारखान्याने मिळून यांना एकच बहीण दिली की काय, असं नवीन माणसाला वाटतं. खरी गोष्ट एवढीच, की त्यांच्या बायकोचा भाऊ इथेच वेल्डर आहे. तो पहिल्या दिवसापासून "दाजी, दाजी" करायचा, ते ऐकून बाकीच्यांनाही लागण झाली. या हिशेबाने आम्ही सगळेच दाजींचे मेहुणे. म्हणून, घोटाळा नको, त्या वेल्डरला आम्ही "खरे मेहुणे" म्हणतो.

दाजी फिटर आहेत. आमच्याकडे वीजघरातल्या बॉयलरच्या नळ्या जोडल्या जातात. आतून पाणी, बाहेरून आग, असा या नळ्यांचा संसार. सरळ नळीला सरळ नळी जोडणं सोपं. ते काम मशीन कधीपासूनच करतं. पण बॉयलरमध्ये काही ठिकाणी दोन नळ्या एकत्र येऊन पुढे एकच नळी होते. तो तुकडा उभा धरला की वर कंबर आणि खाली दोन पाय असा दिसतो, म्हणून शॉपमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या शेडमध्ये, त्याचं नाव विजार. नळी तिरकी कापली की तिचं तोंड गोल न राहता अंड्यासारखं होतं. अशी दोन तोंडं एकमेकांना भिडवायची आणि त्यांच्या डोक्यावर तिसरं ठेवायचं. दोन पाय जिथे भेटतात तो कोपरा सगळ्यात अवघड. शिंप्याला विचारा, विजार उसवते ती तिथेच.

तोंडं घासून जुळवायची, सगळीकडून सारखी बारीक फट ठेवायची आणि ती हलू नये म्हणून वेल्डिंगचे चार टाके घालायचे, एवढं दाजींचं काम. त्या फटीत धातू भरून सांधा पक्का करायचा, हे खऱ्या मेहुण्यांचं.

दाजींचं काम बघायला मजा येते. एक डोळा मिटतात, अंगठा कडेवरून फिरवतात, हातोडीने एक हलका ठोका देतात, पटापट चार टाके घालतात आणि ओरडतात, "बसला!" लगेच पुढचा. एकदा बसला म्हटलेल्या सांध्याकडे दाजी वळूनही बघत नाहीत. फिटिंगच्या टेबलावर मापाची काही वस्तू नसते. कुणी विचारलंच तर अंगठा वर करतात. "हेच माप. कंपनीने दिलेलं नाही, आईने दिलेलं आहे."

मेहुणे याच्या अगदी उलटे. दिवसभरात बोलतील ते चहाला "हो" आणि साखरेला "नको". काळ्या काचेमागे तोंड घालून सांध्यापुढे बसले की उठतात ते थेट सांधा झाल्यावर. सांधा आतून पक्का आहे का, ते एक्स-रे काढून तपासतात; त्यांचा एकही सांधा त्यात नापास झालेला मला आठवत नाही. दाजी त्याचंही श्रेय घेतात. "फिटिंग चांगलं असलं, की वेल्डर आपोआप चांगला होतो." मेहुणे मूग गिळून बसतात.

एका सुट्टीच्या दिवशी दाजींनी मला आणि मेहुण्यांना घरी जेवायला बोलावलं. बाहेरचं दार ढकललं, उघडेना. आतून ताईंचा आवाज आला, "अरे, जरा उचलून ढकल!" ताई म्हणजे दाजींच्या बायको, मेहुण्यांची थोरली बहीण. उचललं, उघडलं. बंद करताना ताईंनी हातात ताटं असतानाच गुडघ्याने दार खालून वर लोटलं आणि खांद्याने लावलं. बघण्यासारखी सफाई.

"दार कुणी बसवलंय?" मी विचारलं.

"मी!" दाजी म्हणाले. "स्वतः. सुताराला हात लावू दिला नाही."

"सुतार आला असता तर बोटही लावायची गरज पडली नसती," ताई म्हणाल्या आणि वाढू लागल्या. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. मी ती बघितली, मेहुण्यांनी मला बघताना बघितलं, आणि आम्ही दोघांनी निमूट जेवायला सुरुवात केली.

मग विजारी जोडायचं मशीन आलं. मी डिप्लोमावाला म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. दाजी तेव्हापासून मला "डिप्लोमा" अशीच हाक मारतात. मशीन म्हणजे एक लांब हात, मनगटाशी वेल्डिंगची टॉर्च आणि टॉर्चच्या पुढे लाल उजेडाची रेघ. आधी ही रेघ सांध्यावरून फिरून फट मोजते. फट ठीक असली तर मशीन वेल्डिंग करतं. जास्त असली तर थांबतं, दिवा लावतं आणि लहान मुलासारखं टीं टीं करत बसतं.

पहिली विजार लावली. लाल रेघ कंबरेवरून गेली, एका पायावरून गेली, कोपऱ्यात पोचली. टीं टीं टीं.

"मशीन बिघडलंय," दाजी म्हणाले.

दुसरी लावली. तोच कोपरा, तोच आवाज. त्या दिवशीच्या बहुतेक विजारींपाशी घोडं तिथेच पेंड खात राहिलं. मशीनबरोबर आलेला नमुन्याचा तुकडा लावून पाहिला, तो झटक्यात झाला.

"होणारच," दाजी म्हणाले. "तो या मशीनबाईच्या माहेरचा तुकडा आहे. सासरच्यांशी नीट वागेल तर खरी."

थांबलेल्या विजारी साहेबांनी मेहुण्यांकडे पाठवल्या. मेहुण्यांनी हाताने जोडल्या. सगळ्या एक्स-रेत पास. मग काय, दाजींना आभाळ ठेंगणं झालं. "माणसाला जमतं आणि मशीनला जमत नाही, तर चूक कुणाची? सांग की रे डिप्लोमा!"

साहेबांनी मला आणि मेहुण्यांना आत बोलावलं. "शनिवारी मशीनवाले येतायत. दोष मशीनचा असेल तर परत न्यायला सांगतो. फिटिंगचा असेल तर टेबलावर दुसरा फिटर आणावा लागेल. दाजींना स्टोअरला देऊ. तुम्ही दोघं बघा आणि मला सांगा."

दाजी आणि स्टोअर! दिवसभर नटबोल्टच्या पेट्यांशी बोलत बसलेले दाजी माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मलाच कसंतरी झालं. बाहेर आल्यावर मी मेहुण्यांना गाठलं.

"मेहुणे, ती फट तुम्हाला दिसत नाही?"

"दिसते की."

"मग भरता कशी?"

"कडेकडेने. आधी एका काठाला थोडं, मग दुसऱ्या काठाला थोडं. मधे हात हलका ठेवायचा." त्यांनी बोटाने हवेत एवढंसं वळण काढलं. "मशीनला कुणी शिकवलं नाही ते."

"कधीपासून भरताय?"

"दाजी लागले तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की डिप्लोमात नेमकं काय शिकवतात असा त्यांना प्रश्न पडला असावा. "बहिणीच्या नवऱ्याला काय सांगणार?" मग मानेवरून हात फिरवत म्हणाले, "पण आता मान वळत नाही माझी. माझ्यानंतर कोण भरणार?"

माझं काम सोपं होतं. फिटिंगचा दोष आहे, असं साहेबांना सांगितलं की मशीन राहिलं आणि मीही राहिलो. पण त्या दिवशी मी साहेबांकडे गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मेहुण्यांनी दाजींची एक विजार घेतली. मी जवळच होतो. रोज त्यांचा हात कोपऱ्यापाशी घुटमळतो, मागेपुढे होतो. त्या दिवशी घुटमळला नाही. एकसारख्या चालीने, मशीन जाईल तसा, कोपऱ्यातून सरळ गेला. वितळलेला थेंब आत पडला आणि सांध्याला करंगळी जाईल एवढं भोक पडलं. मेहुण्यांनी काच वर केली, विजार पकडीने उचलली आणि दाजींच्या टेबलावर नेऊन ठेवली.

दाजींनी भोक पाहिलं. मग मेहुण्यांकडे पाहिलं. चेहरा एकदम उतरला.

"ताप आहे का रे तुला?"

"नाही."

"चक्कर येतेय? बस इथे. ए डिप्लोमा, पाणी आण! बघतोस काय, याच्या हातून भोक पडलंय! ताईला फोन लाव."

मेहुणे बसले नाहीत. पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाले, "दाजी, तो बसला नव्हता."

"कोण?"

"सांधा."

दाजींनी पुन्हा भोकाकडे पाहिलं. "आजचा?"

मेहुण्यांनी पेला टेबलावर ठेवला.

"कालचे?"

मेहुणे काच पुसायला लागले.

"मागे त्या मोठ्या बॉयलरचं काम होतं, तेव्हाचे?"

"तेव्हा जरा जास्तच," मेहुणे म्हणाले.

ग्राइंडरच्या आवाजात आजूबाजूला कुणाला काही कळलं नाही, हे बरं झालं. दाजी नळ्यांच्या ढिगावर टेकले.

"बोलला का नाहीस?"

"ताईने सांगितलं होतं. तुम्ही नवीन लागलात तेव्हा. त्यांना सांभाळून घे, म्हणाली."

"सांभाळून घे म्हणजे इतकं?"

"किती ते नाही सांगितलं तिने."

दाजी हसतील असं मला वाटलं. हसले नाहीत. उठले, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. पाळी संपेपर्यंत टेबलाशी उभे राहिले, पण एकही विजार बसवली नाही. त्या दुपारी "बसला" हा शब्द शॉपमध्ये कुणाच्या कानावर पडला नाही, आणि खरं सांगतो, शॉप ओकंओकं वाटलं.

सकाळी मी आलो तर दाजी माझ्याआधी हजर. टेबल झाडलेलं. मेहुण्यांना हाताला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं.

"आता तू फक्त बघायचं. बसला तर बसला म्हण, नाही तर नाही म्हण. ताईचा नवरा म्हणून बघू नकोस. शेजारचा कुणी मूर्ख आहे असं समज."

मेहुण्यांनी आपली वेल्डिंगची तार वाकवून दाजींच्या हाती दिली. ही फटीत घालून सगळीकडे फिरवायची. अडकता कामा नये आणि डुलताही कामा नये. दाजींनी तारेकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, आणि तार घेतली.

पहिली विजार. "नाही," मेहुणे म्हणाले. दुसऱ्यांदा घासली. "नाही." तिसऱ्यांदा. "नाही, दाजी." आयुष्यभर साठवलेले "नाही" त्यांनी त्या सकाळी भराभर बाहेर काढले. मला तर वाटतं, दोनेक "नाही" त्यांनी नुसते चवीसाठी घेतले. दाजींचे कान लाल झाले, पण घासत राहिले.

शेवटी तार सगळीकडून सारखी फिरली. दाजींनी चार टाके घातले आणि मेहुण्यांकडे पाहिलं.

"बसला," मेहुणे म्हणाले.

दाजी सवयीने पुढच्या नळीकडे वळले. मेहुणे मात्र सांध्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "दाजी, उठला."

"काय उठला?"

"बसलेला सांधा."

दाजींनी वळून तार घातली. कोपऱ्यात ती डुलत होती. टाके गरम असताना फट बरोबर होती. गार होताना टाके आवळले गेले, पाय एका बाजूला ओढला गेला आणि कोपरा उघडला. दाजी बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी बसला म्हणायचो तेव्हा तो बसलेला असायचा!"

"असायचा कधी कधी," मेहुण्यांनी जपून कबूल केलं.

"मी वळल्यावर उठायचा, लबाड!"

मग दोघांनी समोरासमोरचे टाके घालून पाहिले. एक इकडे, एक तिकडे, मधे गार होऊ द्यायचं, पुन्हा तार फिरवायची, मगच पुढचा टाका. दाजींच्या स्वभावात थांबणं नव्हतं. टाका गार होईपर्यंत ते हातोडी या हातातून त्या हातात करायचे, मशीनला चार शब्द सुनवायचे, मेहुण्यांना घरच्या गोष्टी विचारायचे. सांध्याला मात्र पाठ दाखवायचे नाहीत. दिवसाकाठी विजारी निम्म्या झाल्या. साहेब दोनदा येऊन बघून गेले.

शनिवारी मशीनवाले आले. दाजींची विजार लावली. लाल रेघ कंबरेवरून गेली, पायावरून गेली, कोपऱ्यात पोचली. तिथे मशीन क्षणभर थांबलं. मेहुण्यांनी मान वळत नसतानाही वळवली. दाजी छताकडे बघत होते. मग टॉर्चच्या टोकाशी वेल्डिंगची ज्योत पेटली, आणि हात त्या कोपऱ्यातून सावकाश, न अडखळता, बाहेर आला. दुसरी लावली. तीही झाली.

"काय दाजी," साहेबांनी विचारलं, "मशीनला नेमकं झालं होतं काय?"

"काही नाही साहेब, नवीन होतं, लाजत होतं," दाजी म्हणाले. "आता रुळलं."

साहेब माझ्याकडे वळले. "मशीनचा दोष?"

"नाही."

"फिटिंगचा?"

"नाही, साहेब." आता नव्हता, हे खोटं नाही. साहेब मेहुण्यांकडे वळणार होते, पण मेहुण्यांकडून उत्तर काढणं किती कठीण आहे हे आठवून त्यांनी नाद सोडला. स्टोअरचा विषय पुन्हा निघाला नाही.

रविवारी दाजींनी मला पुन्हा जेवायला बोलावलं. गेलो तर बाहेरचं दार उतरवून ओसरीवर आडवं ठेवलेलं. दाजी गुडघ्यांवर बसून त्याची खालची कड घासत होते आणि मेहुणे स्टुलावर. आम्ही तिघांनी मिळून दार उभं केलं, बिजागऱ्यांत घातलं. दाजींनी स्क्रू आवळले आणि नुसते उभे राहिले.

"आता कशाची वाट बघताय?" ताईंनी आतून विचारलं.

"थांब जरा. गार होऊ दे."

"अहो, लाकूड आहे ते!"

हातात ताटं घेऊन ताई आल्या आणि नेहमीसारखं गुडघ्याने दार खालून वर लोटायला गेल्या. दार आधीच हलकं झालेलं. ते सटकन मिटलं आणि गुडघा चौकटीवर आपटला. "आई गं! पहिलं होतं तेच बरं होतं," त्या म्हणाल्या. मेहुण्यांनी पुढे होऊन ताटं घेतली.

दाजींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. तोंड उघडलं, तो जुना शब्द ओठांपर्यंत आला असावा, पण तिथेच थांबले आणि मेहुण्यांकडे वळले.

"काय रे, बसलं का?"

ताटं सांभाळत मेहुणे वाकले. मान दुखत होती तरी खालच्या कोपऱ्यापर्यंत वाकून बघितलं.

"जेवण झाल्यावर सांगतो," ते म्हणाले.

"बरं," दाजी म्हणाले, आणि हात धुवायला गेले.