काळ्या पट्टीविना फोटो

आज किन्हवलीत एका शेतकरी बाईंनी मला गप्प केलं. मी सहसा गप्प होत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी भाची तिथे डॉक्टर आहे. लावणीच्या दिवसांत या बाईंना झोपेत मण्यार हा विषारी साप चावला. दंशाची खूण नव्हती, फक्त पापण्या मिटत चालल्या होत्या. भाचीने तेवढ्यावरून ओळखलं आणि बाई वाचल्या.

हे ती वैद्यकीय नियतकालिकाला पाठवणार म्हणाली, तेव्हा मी झापलं, "एका रुग्णावर कसलं संशोधन?" तिने नियमांचं पान पुढे केलं. संशोधनलेखाला पुष्कळ रुग्ण लागतात, पण 'केस रिपोर्ट'ला एकच माणूस पुरतो.

अडचण दवाखान्यात काढलेल्या फोटोची होती. एरवी रुग्णाच्या डोळ्यांवर काळी पट्टी छापतात. इथे दाखवायच्या होत्या त्या पापण्याच. म्हणून आज आम्ही परवानगी मागायला बाईंच्या घरी गेलो.

मुलगा भडकला. "आये, नको गो. लोक वळखतील, हसतील."

"हसू दे रे," बाई म्हणाल्या. "डोळं झाकलं तं नवा डाक्टर बघंल काय? उद्या दुसरी कोन अशीच निजली तं?" मग भाचीकडे वळल्या, "पन पोरी, यात मी लय झोपाळू दिसते. आता डोळं उघडं हायेत, तवा अजून एक काढ."

तुम्ही दिला असता असा चेहरा, जगभरच्या डॉक्टरांपुढे? मी अजून विचार करते आहे.

भाचीच्या ताब्यात आलं ते असं: अंगठा उठवलेलं संमतीपत्र, मिटत्या पापण्यांचा फोटो छापायची मुभा, आणि बाईंच्या हुकमावरून काढलेला, डोळे टक्क उघडे असलेला दुसरा फोटो.