एकाच चॅनलवरची माणसं

दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचाच पगार मिळत असेल, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत. रिकाम्या डब्याबरोबर तेही घरी येतात! नव्वदच्या दशकात सांगली भागातल्या एका साखर कारखान्यात मी वायरलेस ऑपरेटर होते. शेतकी विभागाच्या जीपमध्ये सेट होते. त्याच चॅनलवर एका दवाखान्याची अँब्युलन्सही होती. आधी ऐकायचं, चॅनल मोकळं असेल तरच बटण दाबायचं, असा नियम. पाळतंय कोण!

*

आमचे शेतकी अधिकारी कडक. एकदा मी सेटवरून विचारलं, "साहेब, कुठे आहात?"

"उसाच्या फडात. पाहणी चालू आहे."

लगेच अँब्युलन्सचा ड्रायव्हर शब्बीर मध्ये बोलला, "साहेब, हाटेलवाला हाका मारतोय. तुमची भजी गार झाल्यात!"

*

वडूजला आमचे जुने ड्रायव्हर दत्तूमामा सेटवरून मागच्या जीपला सावध करत होते. शेजारच्या मांडवातल्या कॉर्डलेस माईकने नेमका तो आवाज पकडला. मंगलाष्टकं संपत आली आणि लाउडस्पीकर गरजला, "थांब! मागं घे! फुडं खड्डा हाय!"

नवरदेव चक्क मागे सरकला!

*

मामांची बायको एकदा ऑफिसात आली. माझ्या हातातला माईक घेऊन म्हणाली, "आवं, मटण शिजलंय. कवा येताय?"

"आलोच मामी!" सगळ्या जीपमधून उत्तर. आले पण सगळे!

आता खिशाखिशात फोन आहेत. ज्याचं बोलणं त्याच्यापुरतं. तेव्हा एक शिंकला तरी सगळ्यांना कळायचं.

*

आटपाडीकडून बाळंतपणासाठी एका बाईला आणताना अँब्युलन्स बंद पडली. शब्बीरने सेटवर हाक दिली, "डॉक्टरसाहेब, बाई अडली हाय. सिस्टर एकट्याच हाईत."

दवाखान्यातून डॉक्टर सेटवरच सिस्टरला सांगू लागले. इतक्यात मध्येच कुठली तरी जीप बोलली. सिस्टर ओरडली, "ऐकू नाही आलं, काय करू?"

मग आमच्या साहेबांचा आवाज आला. "सगळे गप्प! ऊस थांबला तरी चालेल. चॅनल त्या बाईचं आहे."

त्यानंतर फक्त डॉक्टर आणि सिस्टर. बाळ झालं, पण रडेना. डॉक्टर म्हणाले, "पालथं धरा. पाठ चोळा. चोळत राहा."

मी माईक टेबलावर ठेवून दिला होता.

मग बारीकसं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ शब्बीर, "पोरगी हाय."

नुसती बटणं दाबून सोडल्याची खस्स... खस्स... एकेका जीपमधून.