एपिडॉरसच्या दगडावरून मारलेली हाक

मंडळी, वाचकांच्या अनुभवांच्या ह्या सदराची मी आजवर मनसोक्त टिंगल केलेली आहे. कुणी भूत दिसलं म्हणालं की माझा पहिला प्रश्न — पित्त झालं होतं का? बायको हे अनुभव मोठ्यानं वाचायची आणि मी मधेमधे कुचकटपणे काहीतरी बोलून तिचा विरस करायचो. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरातून हसणार, हे गृहीत धरलं होतं. पण ती हसली नाही. "लिहा," म्हणाली, "आणि खरं काय ते लिहा." तेव्हा खरं काय ते लिहितो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही शारजात रोला भागात राहायचो — मी, बायको सुनीता आणि मुलगी मुग्धा, तेव्हा चौथीत. मी क्वांटिटी सर्व्हेयर. म्हणजे इमारतीला सिमेंट किती, सळई किती, ह्याचं मोजमाप करणारा माणूस. आमचं ऑफिस शेजारच्या दुबईत, अल क्वोजला, एका गोदामाच्या डोक्यावर. त्या वर्षी माझी आई व्हिजिट व्हिसावर गावाहून, म्हणजे गुहागरजवळून, आमच्याकडे आली होती.

सुनीताच्या भिशीतल्या बायकांपैकी कुणी सिंगापूर करून आलेली, कुणी स्वित्झर्लंड. आमची मजल दर वर्षी गुहागरपर्यंत. मग दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या एका एजंटाकडे तिला ते पॅकेज सापडलं — ग्रीस! आधी चार दिवस क्रूझ, बेटंबिटं बघायची, आणि मग जमिनीवर उतरून बसनं जुन्या अवशेषांची टूर. बोटही आणि बसही. सुनीताला 'क्रूझ' हा शब्दच इतका आवडला की दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पैसे भरले, व्हिसे आले. आईनं मात्र पहिल्याच दिवशी हात जोडले. लग्न होऊन ती दाभोळहून बोटीनं मुंबईला गेली होती, तेव्हा तिला जी बोट लागली ती जन्माची. "तुम्ही जा हो," म्हणाली, "मी इथे बरी आहे. समोर परुळेकरीण आहे की."

परुळेकर वहिनी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. घरून पोळीभाजीचे डबे द्यायच्या. आईचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून मेतकूट. म्हणजे काळजी नव्हती.

निघायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. लेबनीज माणूस, स्वभावानं वाईट नव्हता. चहा मागवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "हबीबी," म्हणाला, "प्रोजेक्ट खलास. कंपनी इज क्लोजिंग धिस साइड. यू विल फाइंड समथिंग, इन्शाल्ला." आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "थँक्यू सर." नोकरी गेल्याबद्दल थँक्यू! लिफ्टमध्ये माझे कान तापले होते.

जे आखातात राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तिथे माझी नोकरी म्हणजे माझा व्हिसा, आणि माझ्या व्हिसावर बायकोचा आणि मुलीचा व्हिसा. नोकरी गेली की सगळं बिऱ्हाड गेलं. घरी आलो तर सुनीता नव्या बॅगेला कुलूप लावून बघत होती. मी म्हटलं, टूर होऊ दे, आल्यावर सांगू. तिचा आनंद मोडायचा नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. मला लाज वाटत होती. अठरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला 'आता तू नको' म्हटलं, हे बायकोच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती.

बोट मोठी छान होती हो. पण मला तिची चव कळली नाही. डायनिंग टेबलवर दिल्लीचं एक जोडपं रोज शेजारी असायचं. त्यांनी विचारलं, काय करता? मी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं! ज्या कंपनीनं हाकललं तिचंच कार्ड. सुनीता शेजारी अभिमानानं बघत होती आणि मी सूप ढवळत बसलो. बेटं आली, गेली. मुग्धा डेकवरून ओरडायची, "बाबा, यू आर नॉट ईव्हन लुकिंग!" खरंच, मी कुठे बघत होतो?

पिरेयस बंदरात बोटीवरून उतरल्यावर आम्ही एकदा घरी फोन केला. खुशालीचा. सुनीता आणि मुग्धाच बोलल्या, मी बॅगा सांभाळत उभा होतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे ह्याच्यावरूनच सगळं रामायण झालं.

मग बस टूर. त्यात एका दिवशी एपिडॉरस. डोंगराच्या उतारावर कोरलेलं, हजारो माणसं बसतील एवढं उघडं नाट्यगृह. पायऱ्या पायऱ्या वर चढत गेलेल्या, खाली गोल मोकळी जागा आणि तिच्या मधोमध जमिनीत बसवलेला एक गोल दगड. आमची गाईड एलेनी म्हणून एक बाई होती. ती त्या दगडावर उभी राहिली आणि आम्हाला सगळ्यांना पार वरच्या रांगेत पाठवलं. खाली तिनं कागद फाडला — आम्हाला वर टर्रकन ऐकू आला. काडी ओढली, ती ऐकू आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, अकूस्टिक्स आहे, उतार आणि दगड, त्यात काय. मोजून दाखवता येईल.

मग एकेकानं खाली जाऊन काहीतरी बोलायचं. कुणी गाणं म्हटलं, कुणी शिट्टी मारली. सुनीता गेली. मुग्धा आणि मी वर. सुनीता लाजत लाजत त्या दगडावर उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, आणि हळूच म्हणाली, "अहो... थँक्यू हं. एवढं सगळं दाखवलंत."

एवढ्या लांबून ते माझ्या अगदी कानापाशी आलं. बारा वर्षांच्या संसारात ती मला असं तोंडावर कधी बोलली नव्हती, आमच्यात तशी पद्धतच नाही. शेजारून मुग्धा म्हणाली, "बाबा, आर यू क्रायिंग?" मी म्हटलं, ऊन लागतंय डोळ्यांवर.

मी खाली उतरेपर्यंत एलेनीनं सगळ्यांना बसकडे पिटाळलं होतं. सुनीता आणि मुग्धा दुकानाकडे गेल्या. वर रांगांमध्ये चिटपाखरू नव्हतं. भर दुपार, पाइनच्या झाडांत कसलेसे किडे किरकिरत होते. मी त्या दगडावर जाऊन उभा राहिलो. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कुठेतरी बोलून टाकायचं होतं आणि इथे मराठी कळणारं कुणी नव्हतं. ठेच लागली की माणसाच्या तोंडून 'आई गं' निघतं, तसंच निघालं.

"आई, माझी नोकरी गेली गं. सुनीताला कसं सांगू? मला काही सुचत नाहीये."

अगदी पुटपुटलो. तेवढ्यात दुसऱ्या एका ग्रुपची माणसं आत येताना दिसली आणि मी चोरासारखा त्या दगडावरून उतरलो. बसमध्ये जाऊन बसलो. सुनीतानं दुकानातून घेतलेलं मातीचं भांडं दाखवलं, मी छान आहे म्हटलं.

मग डेल्फी झालं, ऑलिंपिया झालं. सुनीताला सांगायचं राहिलंच. विमानातही राहिलं.

शारजाला घरी पोचलो. बेल वाजवली. दार उघडलं ते परुळेकर वहिनींनी, त्यांच्या मागे आई. बॅगा अजून दारातच होत्या आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, अजिबात काळजी करू नका. हमरिया फ्री झोनमध्ये ह्यांच्या चांगल्या ओळखी आहेत. नोकरी काय, एक गेली तर दुसरी मिळते."

सुनीतानं विचारलं, "कसली नोकरी?"

वहिनींचा चेहरा असा झाला की बस्स. जीभ चावून त्या आपल्या घरात पळाल्या. आई मुग्धाला घेऊन आत गेली. आणि मी त्या दारात, हातात ड्यूटी फ्रीची पिशवी घेऊन उभा. जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर मी तिचे आभार मानले असते.

सुनीता रडली नाही, भांडली नाही. नुसतं म्हणाली, "आईंना फोन करून सांगितलंत. परुळेकर वहिनींना कळलं. मीच तेवढी परकी."

"मी फोन केलाच नाही गं!"

"तुम्ही रोज हॉटेलखाली सिगरेट ओढायला जायचात. तेव्हाच केला असणार. आता हेही खोटं बोलू नका."

मी तडक समोर गेलो. वहिनी बिचाऱ्या ओशाळ्या झाल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, मला ऐकायचं नव्हतं हो! मी आईंना भाजी द्यायला आले होते. आम्ही किचनमध्ये, चहा टाकलेला, आणि तुमचा आवाज आला, अगदी स्पष्ट. 'सुनीताला कसं सांगू, मला काही सुचत नाहीये.' मला वाटलं फोन स्पीकरवर ठेवलाय. तुमच्या घरातलं खाजगी, म्हणून मी लगेच बाहेर पडले. आई मग बोलत होत्या तुमच्याशी. जिन्यापाशी उभी होते तरी त्यांचा आवाज येत होता. बराच वेळ बोलत होत्या."

आमचा फोन हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. आणि त्याला स्पीकर नव्हता.

मी काय काय तर्क लढवले! ऑफिसातलं कुणी परुळेकरांना बोललं असेल. पण परुळेकर दुबईच्या देरा भागात मसाल्याच्या दुकानात, आमच्या ऑफिसातलं काळं कुत्रं त्यांना ओळखत नाही. आईनं माझ्या तोंडावरून ओळखलं असेल. तेही चालेल. पण ते वाक्य? ते तर मी त्या दगडावर पहिल्यांदा आणि शेवटचं बोललो होतो. वहिनींनी ते जसंच्या तसं, माझ्याच शब्दांत मला परत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता मुग्धाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेली आणि आईनं माझ्यासमोर घावन वाढलं. मी विचारणार, तेवढ्यात तीच बोलली. तिच्या दृष्टीनं त्यात नवल असं काहीच नव्हतं. लेकानं हाक मारली, तिनं ओ दिली. तिला राग होता तो भलताच.

"विजू, तुला एवढं समजावून सांगितलं मी, सुनीताला कसं सांगायचं ते. शब्दन् शब्द सांगितला. मग तसं का नाही केलंस? दारात असं कळू दिलंस तिला... बरं केलं नाहीस हो."

मंडळी, मी त्या दगडावर आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर मला ऐकू आलं असतं का? मला माहीत नाही. मी लोकांना बघून पळालो होतो. आणि माझी आई इकडे शारजात ओट्यापाशी उभी राहून, कोरा चहा उकळत ठेवून, मला समजावत होती.

तिला सांगता आलं असतं, आई, मला काही ऐकू आलं नाही. परत सांग. पण तिच्या चेहऱ्यावर पक्की खात्री होती की मी ऐकलंय. एवढं जीव तोडून बोललेलं पोचलंच नाही, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू? त्यापेक्षा मी नालायक ठरलेला बरा. मी खाली बघून म्हटलं, "चुकलं गं आई."

"चुकलं तर चुकलं. आता खा. गार होतंय," ती म्हणाली.

व्हिसाची मुदत संपायच्या आत हमरियाला नोकरी लागली, परुळेकरांच्या ओळखीनंच. बिऱ्हाड वाचलं. आई व्हिसा संपल्यावर गावी गेली आणि पुढच्याच पावसाळ्यात आटोपली. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. सुनीतानं तिला त्याबद्दल कधी काही विचारलं नाही. ती आईवरही रुसली होती, की ह्या दोघांनी मिळून मला अंधारात ठेवलं. आणि आईला वाटत राहिलं, मुलानं माझं ऐकलं नाही. दोघींचंही माझ्याबद्दल वाईट मत झालं आणि एकीचंही मला खोडता आलं नाही.

सुनीताला मी एपिडॉरसचं सगळं सांगितलंय. एकदा नाही, अनेकदा. ती ऐकून घेते. पण मनातून तिला आजही वाटतं की मी हॉटेलखालून फोन केला होता, आणि तिनं तसं वाटून घेतलं तर मी तिला दोष कसा देऊ? माझ्यासारख्या टिंगलखोराला दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी पित्ताचंच विचारलं असतं. आवाज तिथून इथे कसा आला, ह्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. ते मिळालं नाही तरी माझं काही अडत नाही.

परवा दुपारी चहा पिताना सुनीता अचानक म्हणाली, "एक विचारू? इतकी वर्षं झाली, आता आई पण नाहीत. त्या दिवशी फोनवर त्या एवढा वेळ काय बोलत होत्या? माझ्याबद्दल काही वाईट बोलल्या का? म्हणून सांगत नाही का तुम्ही?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी वर्षं ती हे मनात धरून बसली होती, आणि मला पत्ता नाही.

"नाही गं," मी लगेच म्हटलं, "तुझ्याबद्दल वाईट कसं बोलेल ती?"

तिला बरं वाटलं. तिनं डोळे पुसले आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला. मी तो प्यालो. पण आई काय बोलली, ते मला कुठे माहीत आहे?