फोटोपुरतं फाटकं

"बाई, हे बदलून या. फाटकं काही असेल तर ते नेसा."

नगरपंचायतीचा साहेब माह्या मायले असं म्हनला. आमच्याच दारात उभा राहून, मोबाइल हातात धरून. घरकुल पाह्यजे तर जुन्या घरासमोर फोटो लागते. पाटीवर नाव लिहाचं, पाटी छातीशी धराची अन् उभं राहाचं. पोलीस लोक चोरालेही असंच उभं करतात, पन हे मले मंग समजलं. तवा मी आठवीत होती.

माय पांढरं लुगडं नेसलती. निळ्या काठाचं. जयंतीले अन् बुद्धपौर्णिमेले, दोनच टाइम ते पेटीतून निघे. पन सरकार फोटो काढून राह्यलं म्हनून तिनं त्या दिवशी सकाळीच काढलं. केसाले तेल लावलं. मले म्हनली, "बरी दिसून राह्यली ना मी?" फोटो म्हनलं की मानूस चांगलं नेसते. आमच्या वस्तीत सगळ्याइले एवढंच ठाव होतं.

साहेब हसला. संग वॉर्डाचे मेंबर होते, तेही हसले. "लग्नाला निघाली का?" मेंबर म्हनले. "फोटो वरच्या ऑफिसात जाते. गरीब मानूस गरीब दिसला पाह्यजे."

मंग दारातली प्लास्टिकची खुर्ची उचलाले लावली. बाची सायकल घरामागं नेली. भिंतीवर म्या गेरूनं वेल काढलती, ती फोटोत नको म्हनून मायले बाजूले सरकाले लावलं. त्याइले आमच्या घरातलं काही म्हनता काही चांगलं नको होतं.

माय आत गेली. पांढरं लुगडं सोडलं, नीट घडी केली, पेटीत ठेवलं. अन् गोवऱ्या थापाच्या वक्ती नेसाचं लुगडं नेसून बाहेर आली. पाटी धरली. फोटो निघाला. "हां, आता बरोबर," साहेब म्हनला. त्या 'बरोबर'चा राग मले अजून येते.

घर भेटलं. खोटं कायले बोलू? चार भिंती, स्लॅब, आंगनात नळ. पन निवडनुकीच्या आधी चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. वर लिहिलं होतं, 'काल आणि आज'. आजमध्ये एक गुलाबी घर, जे आमचं नव्हतंच. बाजूले मेंबर, हात जोडून. अन् कालमध्ये माही माय, फाटक्या लुगड्यात, पाटी धरून. शाळेचा रस्ता तिथूनच. पोरी म्हनत, "ते पाय, तुही माय." मी मान खाली घालून जाय. मले माह्याच मायची लाज वाटली. घर देल्लं अन् त्याच्यासंग हेही देल्लं त्याइनं.

निवडनूक झाली, फ्लेक्स उतरला. वस्तीतल्या एकानं तो सरपनावर झाकाले आनला. मायनं तो मागून घेतला, चित्राची बाजू खाली केली अन् आमच्या न्हानीवर टाकला. "जाड हाये, पानी गळत नाही," एवढंच बोलली. पन पांढरं लुगडं तिनं परत नेसलं नाही. जयंतीलेही नाही. विचारलं तर म्हने, "राहू दे वो, काढाले जीव होत नाही."

आता त्याच घराच्या ओसरीत माही शिलाई मशीन हाये. अर्ध्या गावाच्या बायाइचे ब्लाउज म्या शिवले. मेंबरच्या घरचेही.

यंदा नगरपंचायतीनं ठराव घेतला. नाल्याकाठची आमची वस्ती धोकादायक. म्हने तुमच्याच सुरक्षेसाठी तुमाले उठवतो, गावाबाहेर खदानीजवळ घरं देतो. अन् आमच्या जागेवर फिराचा रस्ता, बाकडे, फुलझाडं. त्याले सुशोभीकरन म्हनतात. नाल्याच्या त्या काठाले मेंबरचं मंगल कार्यालय हाये. तेही तेवढंच काठावर. ते मात्र धोकादायक नाही. पूर काय जात विचारून घरात शिरते?

पानी येते, हे खरं हाये. म्हनूनच आमी वर्षानुवर्षं म्हनून राह्यलो, काठाले भिंत बांधा. बांधली. पन त्या काठाले, मंगल कार्यालयाच्या बाजूनं. तवापासून सगळं पानी आमच्याकडं वळलं. आता तेच पानी दाखवून आमाले काढून राह्यले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

परवा सर्वेवाले आले. एक पोरगी, नवीनच लागलेली, बोलाले चांगली. संग मेंबर. तेच, आता केस पांढरे झालेले. पोरगी मले म्हनली, "ताई, मागच्या भिंतीजवळ उभ्या राहा, ओल आहे तिथं. आणि साधं काहीतरी नेसा ना. पाटी मी देते."

माय खाटेवर बसलती. पाटीचं नाव ऐकलं अन् उठली. आत चालली. मले वाटलं पानी प्याले चालली. मंग समजलं, लुगडं बदलाले चालली. तिले कोनी म्हनलंही नव्हतं. इतक्या वर्षानं, आपल्याच घरात, आपल्याच मनानं ती फाटकं शोधाले निघालती.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माय, थांब," म्या म्हनलं. "बस तिथंच."

मंग मी त्या पोरीकडं वळली. "फोटो समोरून काढा. दार, मशीन, स्लॅब, सगळं येऊ द्या. अन् ओल दाखवाची असन, तर जिच्यापाई ओल आली, ती नाल्यापल्याडची भिंतही दाखवा. नाहीतर मोबाइल पर्समध्ये ठेवा."

पोरगी मेंबरकडं पाहाले लागली.

"फोटो नाही तर यादीत नाव नाही," मेंबर म्हनले. "खदानीजवळचंही घर जाईन. इचार कर पोरी."

"पोरी नका म्हनू. आनि नाव काटाचं असन तर काटा. आमाले खदान नाही पाह्यजे, भिंत पाह्यजे."

मी एवढं मोठ्यानं बोलली, की शेजारची काकू बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं, आत गेली, अन् लेकीच्या लग्नातलं जरीचं लुगडं नेसून आपल्या दारात येऊन उभी राहिली. "काढ बाई, आता माहा काढ," म्हनली. पोरीनं नाही काढला. मेंबर "पाहून घेऊ" म्हनत निघून गेले. त्या गल्लीत त्या दिवशी एकही फोटो निघाला नाही.

सोमवारी नगरपंचायतीत त्या ठरावावरच्या आमच्या हरकतीची सुनावनी हाये. आज माय पेटीजवळ बसली. पांढरं लुगडं बाहेर काढलं. घडीवर पिवळं पडलं होतं.

"चालन का वो हे?" तिनं विचारलं.

"चालन," म्या म्हनलं अन् इस्त्री तापाले ठेवली.

वस्तीतल्या साऱ्या बाया येनार हायेत. फाटकं कोनी नेसनार नाही, हात कोनी जोडनार नाही. आधी आमच्या काठाले भिंत, मंग बाकीच्या गोष्टी. उठाचं म्हनसान तर आमी उठत नाही. अन् फोटो काढाचाच असन, तर माही माय मधात उभी राहीन, पांढऱ्या लुगड्यात. पाटी मेंबरनं धराची.