माह्या सुनेची घरची शाळा

माहा सभाव संशयी आहे, हे मीच पहिले सांगून टाकते, म्हणजे मागून कोणी सांगाले नको. मी धुरपता. आमच्या करडी गावात कोणाच्या दारात नवीन चपला दिसल्या तरी मी दोन घरं पुसून येते. आता ह्या सभावापायी माह्या घरात काय झालं, ते तुम्हाले सांगते. पण त्याच्या आधी माही सून रश्मी कशी आहे, ते सांगावं लागन.

रश्मी तुमसरची. तिचा बाप परसराम, राइस मिलमंधी पोते उचलता उचलता मुकादम झालेला माणूस. त्यानं पोरीले डीएड शिकवलं. पोरगी पाहाले गेलो तेव्हा मी पुसलं, एवढी शिकली तं नोकरी काहून नाही? तो म्हणे, मास्तरायची भरतीच निघून नाही राहिली. मले काही पटलं नाही. घरी येऊन मी चार जणायले पुसून पाहलं, तं भरती खरंच निघाली नव्हती. तरी माह्या मनात राहिलंच का काहीतरी असन.

लग्न झालं, सून घरी आली. बोलणं कमी. कमी बोलणाऱ्याचा मले भरोसाच येत नाही. माहा पोरगा अश्वजित वरठीले लोखंडाच्या कारखान्यात आहे, सकाळी मोटरसायकलवर जाते तं दिवस बुडता येते. दिवसभर घरी आम्ही दोघी. रश्मी काम करे, न मी तिच्याकडं पाहत बसे.

नात झाली, खुशबू. पोरगी तीन वर्षांची झाली तेव्हा रश्मीनं रांधनखोलीतल्या साऱ्या डब्यायवर कागद चिकटवले. तांदूळ, लाखोरीची डाळ, तिखट, साखर. माहा जीव असा जळला का पुसू नका. मी मुठभर साखर काढून नेईन म्हून खुणा करते का काय हे बाई? दोन दिवस मी तिच्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी खुशबू डब्यावर बोट ठेवून म्हणे, "आजी, हे ता, हे ला." तेव्हा समजलं का पोरीले अक्षरं दाखवाले ते सारं होतं. तरी साखरेचा डबा मी कितीक दिवस रश्मीच्या समोरच उघडत जाय.

मंग कोरोना आला, शाळा बंद झाल्या. खुशबू पहिलीत होती. रश्मीनं तिले घरीच शिकवाले बसवलं, तेव्हा कोणाले काही वाटलं नाही, साऱ्याच घरी पोरं बसून होते. पण शाळा उघडल्या, साऱ्याचे पोरं दप्तर घेऊन गेले, न हिनं काही पोरीले धाडलं नाही. म्हणे, घरी चांगली शिकून राहिली आहे आई, पाचवीपर्यंत मीच शिकवते.

माह्या अंगाचा तिळपापड झाला. माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, न आम्हा तिघी बहिणीयले शाळेत टाकलं. गाव हसलं त्याले. पोरी शिकून काय कलेक्टर होतीन का म्हणत. तरी त्यानं काही आम्हाले काढलं नाही, मी चौथी पास आहे. न माह्याच घरात, डीएड झालेली सून, पोरीले शाळेतून बाहेर ठेवते? विहारात बाया पुसत, खुशबूले काही बिमारी आहे का वो? मी काय सांगणार, मान खाली घालून मेणबत्ती लावाले लागे.

आता तिची शाळा कशी, ते सांगते. सकाळी झाडलोट झाली का माय-लेकी रांधनखोलीत. भात टाकाचा तं पोरीनंच मापाचा, चार माणसायले किती वाट्या, न पाहुणा आला तं किती. भाजी चिरता चिरता पाढे. जेवण झाल्यावर अंगणात चटई टाकून लिहिणं. दर बुधवारी दोघी डबा घेऊन बाहेर. कधी वैनगंगेवर, कधी कोक्याच्या जंगलाकडं, कधी तुमसरच्या मिलमंधी. एकदा वरठी टेशनावर जाऊन दिवसभर गाड्या पाहून आल्या. रात्री पोरगी गाड्यायचा टाइम मले तोंडपाठ सांगे. कोणती गाडी किती वाजता, कोठी जाते. मी ऐकून घेतलं, पण माह्या डोक्यात किडा शिरला. दहा वर्षाच्या पोरीले गाड्यायचा टाइम कायले पाह्यजे?

एक गोष्ट मात्र मी कबूल करते. पोरगी दिवसभर घरी राहे, ह्याचं सुख मलेच जास्त होतं. दुपारी रश्मी लवंडली का पोरगी माह्याजवळ येऊन बसे. मी तिले धानाचं सांगो, रोपायचे पऱ्हे कधी टाकाचे, धानाच्या बांधीत पाणी किती ठेवाचं, कोणत्या धानाचा भात मऊ होते. ते सारं वहीत लिहून घे. वहीवर नाव टाकलं होतं, 'आजीचा तास'. माह्या जन्मात मले कोणी काही पुसलं नव्हतं, न हे पोट्टी माह्या बोलण्याले वही करे. विहारात मी शाळेसाठी चिडे, न घरी आल्यावर पोरगी दारात दिसली का माहा राग कोठी जाय, पत्ता नाही लागे.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर, मंडईच्या जत्रेचे दिवस होते, तेव्हा रश्मीनं जुन्या शाळेत जाऊन पोरीचा दाखला काढून आणला. मले म्हणे, घरी शिकणाऱ्या पोरायले पाचवीची परीक्षा बाहेरून देता येते, त्याचा फॉर्म भराचा आहे, त्याले दाखला लागते. मी हाव म्हटलं. पण बाजूची लीलाबाई वाटीभर दही मागाले आली, न तिच्या तोंडून निघालं का दाखला तं लोकं गाव सोडताना काढतात. ते दही घेऊन निघून गेली, न मी तिथंच विचार करत बसली.

खरंच, आमच्या गावात दाखला कधी निघते? बदली झाली, नाहीतर नवऱ्याशी पटलं नाही न बाई पोरं घेऊन माहेरी गेली, तेव्हा. मी एकेक गोष्ट जोडत गेली. पंधरा दिवसाआधी रश्मी पिशवीभर पोरीचे कपडे तुमसरले नेऊन ठेवून आली होती. नवरा-बायको संध्याकाळी हळू आवाजात बोलत, न मी गेली का चूप होत. एक डाव 'खोली' हा शब्द मी माह्या कानानं ऐकला होता. पोरीले गाड्यायचा टाइम पाठ. शाळेत नाव नाही, म्हणजे मागं ओढणारं काही नाही. माही खात्रीच झाली का हे बाई पोरीले घेऊन तुमसरले राहाले जाते. माही खुशबू जाते. 

पोराले पुसाचं तं तो बायकोचाच. मंग मी काय केलं? रश्मी नळावर गेली तेव्हा तिच्या कपाटातून तो दाखला काढला, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळला, न धान साठवाच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून आत खुपसला. दाखल्याबिगर कोणती शाळा नाव टाकन? हात झटकून मागं पाहलं, तं दारात खुशबू उभी.

मी तिले जवळ घेतलं. म्हटलं, मम्मीले सांगजो नको, नाहीतर तुले माह्यापासून दूर नेईन ते. माह्या गळ्याची आण घे.  पोरीनं माह्या गळ्याले बोट लावून आण घेतली न अंगणात पळाली.

फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार होती. मंगळवारी रश्मीनं कपाट उघडलं, न दाखला नाही. तिनं सारं घर उलटंपालटं केलं. गाद्या, पेट्या, पोरीच्या साऱ्या वह्या, पीठाचा डबासुद्धा. मी बी तिच्यासंगं धुंडाळलं. हो, धुंडाळलं, खोटं कायले बोलू? पलंगाखाली वाकून वाकून पाहलं मी. अश्वजित घरी आल्यावर तिच्यावरच ओरडला, एवढी शिकलेली बाई न एक कागद नाही सांभाळता येत. ते पुन्हा वह्या झाडाले लागली. मले वाटलं, पाहा, मनात खोट आहे म्हून चूप आहे.

गुरुवारी दुपारी ते दमून चटईवर बसली. पोरीले समोर बसवलं न हळूच पुसलं का बेटा, तुनं कोठी पाहला का कागद? मी सुपात तांदूळ पाखडत होती. माहे हात थांबले.

खुशबू म्हणे, "पाहला मम्मी. लीलाआजीच्या बकरीनं खाल्ला. सोमवारी. तू कपाट उघडं ठेवलं होतं न, तं कागद उडून अंगणात आला. मी धावली, पण तिनं अर्धा खाऊन टाकला होता. तू रागावशीन म्हून सांगतलं नाही."

डोळ्याची पापणी हालली नाही पोरीची. वार सांगतला, वारा सांगतला, अर्धा कागद सांगतला. वर कपाट उघडं ठेवण्याचा दोष आईवरच टाकला. इतकं साफ खोटं मलेही जमत नाही.  रश्मी उठली, न कधी कोणाच्या दारात आवाज न चढवणारी ते बाई, लीलाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली. भांडण मले घरात ऐकू येऊन राहिलं होतं. लीलाबाई शपथा घेऊन राहिली होती का बकरी सोमवारी पूर्ण दिवस रानात होती. न खुशबू माह्याजवळ सरकली, माह्या पदराचं टोक हातात धरलं, न माह्याकडं पाहून हासली. तिले वाटलं, तिनं आजीले वाचवलं.

मले तिथंच मेल्यावानी झालं. मी सूप खाली ठेवलं, ढोलीत हात घातला न पन्नी बाहेर काढली. बाहेर जाऊन दोघीयच्या मधात उभी राहिली न म्हटलं का बकरीनं नाही, मीच लपवला होता, लीलाबाईले काही म्हणू नको.

लीलाबाई तोंडावर पदर घेऊन आत गेली. रश्मीनं कागद घेतला, धानाचं कूस झटकलं. मले वाटलं, आता बोलन, आता शिव्या देईन. तिनं फक्त पुसलं, काहून? मी सारं सांगून टाकलं. दाखला, कपडे, खोली, गाड्यायचा टाइम. आसवं येऊन राहिले होते, ते पुसाचं बी भान नव्हतं मले.

ते म्हणे, कपडे पोरीले लहान झाले होते, भावाच्या पोरीले देऊन आली. न खोलीचं संध्याकाळी अश्वजितनं सांगतलं, मान खाली घालून. वरठीले खोली घेऊ म्हून तोच मागं लागला होता, रोजच्या जाण्यायेण्यानं कंटाळून. रश्मीच नाही म्हणे. म्हणे, पोरगी आजीजवळ जे शिकते ते वरठीले कोण शिकवन?

शुक्रवारी फॉर्म भराचा होता. मी सकाळपासून वाट पाहत होती का रश्मी निघते. ते निघाली नाही. दुपारी माह्याजवळ येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मले जड गेलं.

"आई, मी तिले वाचाले शिकवलं, हिशेब शिकवला. काल जे ते बोलली, ते मी नव्हतं शिकवलं. घरी शिकवाचं म्हणजे घरातलं सारंच पोरगी शिकते. माह्यात आता तेवढा दम नाही. सोमवारी शाळेत टाकते तिले."

मी तिचे हात धरले. म्हटलं, माही चूक आहे, पोरीले सजा काहून? ते म्हणे, शाळा सजा नाही होय आई, तुम्हीच तं इतके वर्ष म्हणत होत्या.  खरंच म्हणत होती मी. विहारात, नळावर, साऱ्या गावात म्हणत होती.

सोमवारी रश्मीनं तिच्या दोन वेण्या घातल्या, नवीन फ्रॉक घातला, दप्तर भरलं. तोच दाखला पोरीचं नाव परत टाकाले निघाला होता. मी दारात उभी होती. पोरगी माह्याजवळ आली, मले खाली वाकाले लावलं न कानाशी तोंड आणून म्हणे, "आजी, तू घाबरू नको. कागद तू लपवला होता, हे मी शाळेत कोणालेच नाही सांगत."