निर्गमनाला मास्तरांची हरकत

राजोडीच्या सिप्रियन मास्तरांनी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गावाला विद्यार्थी करून टाकलं. त्यांच्यासमोर धर्मगुरूसुद्धा जपून बोलत.

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, त्रैमासिकात मथळा आला, 'राजोडीतून तरुणांचे निर्गमन'. मास्तरांचं डोकंच फिरलं. त्यांनी संपादकाला चार पानी पत्र खरडलं. निर्गमन म्हणजे सगळ्यांनी मिळून निघणं. बायबलातल्या मोशेची माणसं मिसर देशातून निघाली ती म्हातारेकोतारे, पोरंबाळं, शेळ्यामेंढ्या, अगदी परातीतलं न फुगलेलं पीठसुद्धा घेऊन. शिवाय मागे फारो राजाची फौज होती. इथे कोणता फारो लागलाय मागे? आमची पोरं लॅपटॉप घेऊन कॅनडाला जातात आणि आईबापांना केळीच्या राखणीला ठेवतात. याला निर्गमन नव्हे, सटकणं म्हणतात.

संपादकाने पत्र छापलं नाही. मग मे महिन्यात आळीच्या क्रुसापुढे लदीन झाल्यावर, म्हणजे प्रार्थना संपून उकडलेले चणे वाटायच्या आधी, मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सात माणसं होती, त्यातली पाच चण्यांसाठी आलेली. बिचारी जातात कुठे! सगळ्यांनी चारही पानं ऐकली.

मास्तरांचा स्वतःचा मुलगा केल्विनही कॅनडात टोरांटोला सटकलेला. त्याला मुलगी झाली आणि त्याने आईबाबांना दोघांनाही बोलावलं. त्याच्या आईने, आग्नेसबाईंनी, लगेच कपाटावरची बॅग खाली काढली. मास्तरांनी व्हिसाच्या फॉर्मवर सही करायला साफ नकार दिला. आपण नाही म्हटलं की बायकोही राहील, अशी त्यांची खात्री होती. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि तोवर ती दर वेळी राहिली होती.

या खेपेला ती सुके बोंबील निवडता निवडता म्हणाली, "तुमीच सांगता ना, सगली मिळून गेली तरच निर्गमन?"

"अर्थात!"

"मग मी एकटी चालले. ते निर्गमन नाय. नुसतं नातीला बघायला जानं हाय. तुमच्या शब्दाला काय पन होनार नाय."

आपली व्याख्या बरोबर असल्याचं मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदाच वाईट वाटलं.

ती गेली. तिसऱ्या दिवशी पेज करपली. आठव्या दिवसापासून मास्तर एकटेच भांडू लागले, पण त्यात मजा येईना, कारण उलट बोलायला समोर कुणी नव्हतं. खोटं कशाला बोला, त्यांना तिची भयंकर आठवण येत होती. बाराव्या दिवशी ते रिक्षा करून तुळिंजला व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात जाऊन बसले.

तिथली अमिषा नावाची पोरगी कॉम्प्युटरवर टकटक करत विचारू लागली. नाव झालं, वय झालं.

"अंकल, जाण्याचं कारण काय टाकू?"

मास्तर विचारात पडले. प्रवास, पर्यटन, भेट, एकेक शब्द त्यांनी मनातल्या मनात तपासला आणि नापास केला.

"बायको," ते म्हणाले.

"तसा ऑप्शनच नाहीये अंकल. फॅमिली व्हिजिट टाकते."

"टाक. पण पोरी, तिच्याशिवाय घरात राहवत नाही, हे कुठे लिहायची सोय असली तर बघ."