विमानपट्टीवरची चक्कर

मैनाबाई लग्न होऊन घाटंजीजवळच्या त्या गावात आली, तेव्हा गावाबाहेरच्या पट्टीवर विमान उतरल्याचं फक्त म्हातारी माणसं सांगत. लढाईच्या काळात लष्करानं ती बांधली आणि पुढं सोडून दिली. गावाला आयतं खळं मिळालं. तूर, ज्वारी, मिरच्या, सगळं तिथंच वाळायचं.

किसनरावांनी बायकोला लुना शिकवली तीही तिथंच. गावातून सुनेनं गाडी चालवणं तेव्हा कोणाला रुचलं नसतं, म्हणून संध्याकाळी ते तिला पट्टीवर नेत. "समोर पाहाय, चाकाकडं नको पाहू," म्हणत मागं धावत. एकदा तिनं वळून पाहिलं, तर ते केव्हाच थांबले होते आणि कमरेवर हात ठेवून हसत होते. ती एकटीच चालवत होती.

किसनराव गेले. मग पट्टीवर कॉलनी उठली, दुकानांची रांग आली. मुलानं, अमरनं, तिथंच फ्लॅट घेतला.

"आई, लिफ्ट हाय तिथं. तुह्या गुडघ्याले बरं."

मैनाबाई नाही म्हणाली नाही. दुकानांच्या मागं जुन्या पट्टीचा एक तुकडा अजून शिल्लक होता. तिथं फरशीसारखे सिमेंटचे गट्टू बसणार असं कळलं, तशी ती सुनेला म्हणाली, "निकिता, तुही स्कूटी दे मले."

"कायले आई? कुठं जाचं हाय? मी सोडतो ना."

"कुठं नाई. तिथंच एक चक्कर मारतो."

निकिताला हसू आलं, पण सासूचा चेहरा पाहून तिनं मुकाट्यानं किल्ली दिली. गाडी आधी डुगडुगली, मग सरळ झाली. भेगांवरून जाताना चाकाला बसणारे धक्के मैनाबाईला ओळखीचे वाटले. टोकाशी येऊन तिनं मागं पाहिलं. मागोमाग चालत आलेली निकिता काळजीनं उभी होती.

"काय झालं आई? कोणाले पाहून राह्यल्या?"

"तुह्या सासऱ्याले," मैनाबाई म्हणाली.

निकिता जवळ येऊन मागच्या सीटवर बसली. "चाला, अजून एक मारा."

आठवड्याभरात तिथं गट्टू बसले, चाटच्या गाड्या लागल्या. बाजाराच्या दिवशी निकिता आता स्कूटी सासूच्याच हातात देते आणि दोघी घाटंजीला जातात. येताना मैनाबाई बोलते, हसते. पण कॉलनीच्या फाटकातून आत वळताना ती हमखास गाडी हळू करते, आणि निकिता घाई करत नाही.